पहिल्या रांगेत

खडोलीच्या कारखान्यात भावडूने वीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढली. लेकीला ऑपेरा गायन शिकता यावं म्हणून तो सलग दोन-दोन पाळ्या करायचा.

सिल्वासात शैलाचा पहिलाच एकटीचा कार्यक्रम होता, साथीला फक्त पियानो. भावडू पाळी संपवून, थकून, थेट येऊन पहिल्या रांगेत बसला. शैला माईकशिवाय गायली, तरी तिचा बारीक, उंच स्वर मागच्या भिंतीपर्यंत पोचला. साहेबलोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, तसा त्यांच्याकडे बघून भावडूही उठला.

शैला धावत खाली आली. भावडूने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पियानो झकास वाजला, पोरी. पण तुझा आवाज काही आलाच नाही. माईक कुणी चालूच केला नाही का गं?"