एक मायेला

फोन किणकिणला आणि मास्तरांनी कात्री खाली ठेवली. प्रश्न वेबसाइटवरच्या 'भोपळा' नावाच्या पोराचाच होता. "मास्तर, सात मीटर व्यासाच्या गोल हौदाला काठाकाठाने तार लावायचीय. किती मीटर लागेल? परवा चाचणी आहे आणि मला काहीही येत नाही. वाचवा!"

मास्तर शाळेतले नव्हते. कपडे शिवणाऱ्या माणसाला सगळा बाजार मास्तर म्हणतो, म्हणून तेही मास्तर. सहावीनंतर त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मुलं एकमेकांचा गृहपाठ सोडवून देतात त्या वेबसाइटवर ते गुपचूप शिरले होते, ते स्वतः शिकायला. त्याचं असं झालं, सातवीतल्या लेकीला त्यांनी एकदा विचारलं, "काय अडलंय गं?" तर वहीतून डोकं वर न काढता ती म्हणाली, "राहू द्या बाबा. तुम्हाला नाही कळणार." रागाने म्हणाली असती तर एक वेळ चाललं असतं. ती अगदी साधं, पाणी प्यायला उठावं तसं म्हणाली, आणि ते मास्तरांना जास्त लागलं. कधीतरी लेकीने वही घेऊन आपल्याकडे यावं, एवढीच त्यांची हाव होती.

वेबसाइटने टोपणनाव विचारलं. त्यांनी सवयीने 'मास्तर' लिहिलं आणि तिथेच घोळ झाला. पोरं तुटून पडली. मास्तर, हे सांगा. मास्तर, ते सांगा. खरं सांगायचा धीर होईना. बीजगणित निघालं की ते मूग गिळून बसत. मग चष्मिष नावाचं कुणी हुशार पोर उत्तर देई आणि मास्तर ते मापाच्या वहीत उतरवून घेत. पण घेर, कोन, लांबी-रुंदी निघाली की मास्तरांचा हात कोण धरणार? भोपळ्यावर तर त्यांचा विशेष जीव. गणितात कायम भोपळा मिळतो म्हणून त्या पोराने नावच तसं घेतलं होतं. आपल्याच जातकुळीचं आहे बिचारं, असं मास्तरांना वाटे.

त्यांनी दोन बोटांनी टाइप करायला घेतलं. "घरातलं ताट घे. बरोबर मधून दोरा धर, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि तेवढाच काप. तो व्यास. आता तो दोरा ताटाच्या कडेने लाव. तीनदा लावून वर थोडी कड उरते ना? ताट घे नाहीतर फ्रॉकचा घेर घे, सगळीकडे असंच. तेच तुमचं बावीस सप्तमांश."

एवढ्यात पलीकडच्या बेकरीच्या वहिनी पोरीचा फ्रॉक नाचवत आल्या. "मास्तर, एवढं कापड दिलं होतं, ते गेलं कुठे?"

"मायेत गेलं, वहिनी," मास्तर फोनवरची नजर न काढता म्हणाले. "शिवणीच्या आत दोन बोटं जास्त सोडलीत. पोरगी वाढली की उसवून सैल करू. माया सोडल्याशिवाय मी कात्रीच लावत नाही." बोलता बोलता त्यांनी उत्तर पूर्ण केलं आणि पाठवून दिलं.

थोड्या वेळाने भोपळ्याचा निरोप आला. "कळलं!!! आयुष्यात पहिल्यांदा कळलं!"

मास्तर दिवसभर शीळ घालत होते. काजं करता करता बायकोने विचारलं, "लॉटरी लागली की काय?"

"त्याहून मोठी," मास्तर म्हणाले.

चौथ्या दिवशी दुपारी चष्मिषने लिहिलं, "मास्तर, एक शंका. त्या हौदाचं उत्तर बावीस येतं. तुम्ही तेवीस का लिहिलंत?"

मास्तरांनी घाईघाईने मागचं काढून वाचलं. शेवटची ओळ त्यांचीच होती. "बावीस मीटर. एक मायेला. म्हणजे तेवीस घे."

चाचणी कालच होऊन गेली होती. आता मात्र लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी लिहिलं, "पोरांनो, माफ करा. मी शिकवणारा मास्तर नाही, शिवणारा आहे. भोपळ्या, तुझं नुकसान केलं. उद्यापासून मी इथे येणार नाही."

चष्मिषचं उत्तर लगेच आलं. "ते आम्हाला केव्हाच माहीत आहे. कुठले सर लघुकोन शिकवताना गळ्याचा व्ही काढायला लावतात? गपचूप थांबा इथेच." मागोमाग बाकीच्यांनी हसरे चेहरे पाठवले. मास्तरांचे डोळे भरून आले. पण भोपळ्याकडून अक्षर नाही. ज्याचं नुकसान झालं तेच पोर गप्प होतं.

दुकानाच्या पायरीवर बूट वाजले. लेक शाळेतून आली होती. एरवी ती मागच्या दाराने थेट घरात जाई. आज दप्तरासकट आत आली, मापाची टेप बाजूला सारली आणि बेतायच्या टेबलावर गणिताची वही उघडून ठेवली. वहीत चाचणीचा पेपर होता.

"वीसपैकी एकोणीस?" मास्तरांनी चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिलं. "तुला? गणितात?"

ती ओठ दाबून हसू आवरत होती. तिने बोटाने एक उत्तर दाखवलं. 'तेवीस मीटर'. त्याभोवती लाल गोल होता आणि शेजारी बाईंनी लिहिलं होतं, 'हा एक मीटर कुठून आला?'

मास्तरांनी एकदा पेपरकडे, एकदा फोनकडे पाहिलं.

"बाबा," लेक म्हणाली, "एक मार्क मायेत गेला."