घर दाखवण्याची वेळ

दाराशी उभ्या असलेल्या दलालबाईंनी आईच्या हातात दोन निळ्या पिशव्या ठेवल्या. भाजीच्या म्हणाव्यात तर फारच लहान. लेकीने खाली वाकून त्या आईच्या बुटांवर चढवल्या.

"फरशी मळू नये म्हणून," ती म्हणाली.

आईला गंमत वाटली. लोकाच्या घरात बुटांसकट शिरायचं आणि वर बुटांनाच कपडे घालायचे! "त्यापेक्षा बाहेर काढून ठेवले असते की," ती पुटपुटली.

"आई, आत कशाला हात लावू नकोस हं. नुसतं बघायचं. तुला पसंत पडलं पाहिजे, म्हणून तर आणलंय तुला."

खोटं नव्हतं ते. हे घर घ्यायचं, त्यासाठी तिकडचं आईचं घर विकायचं आणि आईने कायमचं इकडे येऊन राहायचं, असा लेक-जावयाचा बेत होता. खालची बागेकडची खोली तिची. विमानातून उतरल्यापासून आई या विषयावर फक्त "बघू" म्हणत होती. आज निदान बघायला तरी आली होती.

खरं म्हणजे तिला भारी उत्सुकता होती. या शहरात आल्यापासून तिने घरं पाहिली ती बाहेरूनच. सगळी दारं लावलेली, दोरीवर एक कपडा नाही, कुणाची कुणाला हाक नाही. इथली माणसं आत करतात तरी काय, या विचाराने ती रस्त्यातून जाताना खिडक्यांत डोकवायची आणि जावई तिच्या दंडाला धरून तिला पुढे काढायचा. त्याने सासूचं नावच फौजदार ठेवलं होतं. आज मात्र एक अख्खं घर तिच्यासाठी सताड उघडं होतं, आणि तेही बोलावून!

आत आणखी दोन जोडपी होती. एकजण भिंतीवर टकटक करून पाहत होता, त्याची बायको टेपने खिडकी मोजत होती. जावई न्हाणीघरात नळ सोडून पाण्याचा जोर बघायला लागला. आई एकेका खोलीत शिरली. भिंतीवर फिकट चौकोन दिसत होते, तिथले फोटो काढून घेतलेले. पलंगावरची चादर अशी ताणलेली, की कुणी त्यावर कधी कूस बदलली असेल असं वाटेना. खिडकीशी एक खुर्ची होती. तिची बसायची जागा खोल दबली होती आणि ते दिसू नये म्हणून वर नवी कोरी उशी ठेवली होती. आईने उशी उचलून खाली पाहिलं आणि परत जागच्या जागी ठेवली.

स्वयंपाकघरात ओटा लखलखीत होता. एका काचेच्या भांड्यात लिंबं रचलेली, नुसती शोभेला. शेगडीवर किटली. आईला राहवलं नाही. तिने किटलीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"इथे कोण राहतं गं?"

"आता कुणी नाही. एक आजी होत्या, त्या मुलाकडे गेल्या. मघाशी सांगितलं ना दलालबाईंनी."

"मग किटली कशी तापलीय?"

"त्यांनीच केला असेल चहा. आई, हात लावू नकोस म्हटलं ना!"

दलालबाईंच्या हातात बाहेरून आणलेला कागदी पेला होता. आईने तो पाहिला. लेक कपाट किती खोल आहे ते मोजायला वळली, तशी आईने हळूच मागचं दार उघडलं.

मागे वीतभर बाग आणि कोपऱ्यात अवजारांची लाकडी खोली. तिच्या आडोशाला, पालथ्या खोक्यावर एक म्हातारी बसली होती. अंगात जाड कोट, हातात वाफाळता कप. दोघी दचकल्या. म्हातारीने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. कशासाठी ते न कळताच आईनेही ठेवलं. मग दोघींना हसू आलं आणि म्हातारीने सरकून खोक्यावर जागा करून दिली. आई बसली.

"आई! अगं कुणाच्या बागेत..." धावत आलेली लेक जागीच थांबली.

"बरं झालं आलीस. विचार यांना, अशा इथे का बसल्यात?"

लेकीने विचारलं. म्हातारी हळू आवाजात चार वाक्यं बोलली.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही गं. चल, आत वाट बघतायत."

"सांग तरी."

लेकीने मान वर केली नाही. "घर यांचंच आहे. अजून इथेच राहतात. लोक बघायला आले, की यांनी बाहेर येऊन बसायचं, असं ठरलंय. म्हातारं माणूस दिसलं की घर जुनं वाटतं, असं दलालबाईंनी मुलाला सांगितलंय."

आईने वळून म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी आपलं म्हणणं नीट पोचलं अशा समाधानाने मान डोलवत होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून जावयाने हाक मारली, "फौजदार सापडले का? आई, तुमची खोली तरी बघून घ्या. ऊन काय छान येतंय!"

आई उठली नाही. तिला राग आला नव्हता. एक गोष्ट मात्र तिला खरोखरच समजून घ्यायची होती.

"आपलं घर दाखवायला काढाल, तेव्हा तू असशील ना गं तिकडे?"

"आई, प्लीज..."

"नाही, आत्ताच विचारून ठेवते. आपल्याकडे मागे बाग नाही. मी जिन्यात बसायचं का?"