थॉर्नबी गावचे थॉर्नबी

जर्मनीत, कोलोनच्या हॉस्पिटलात डॅनियल थॉर्नबीला अस्थिमज्जा द्यायला जुळणारं माणूस काही केल्या सापडेना. त्याला ना भाऊ, ना बहीण. शेवटी त्याची बायको मुक्ता त्याच्या आडनावाच्याच मागे लागली. थॉर्नबी म्हणजे काटेरी झाडांचं गाव, हे त्यानेच तिला लग्नाआधी सांगितलं होतं. "म्हणजे मी इंग्लंडचा बाभुळगावकर," असं म्हणून हसलाही होता. त्या नावाचं गाव इंग्लंडात खरोखरच होतं; तिथे त्याच्या रक्ताचं कुणी दूरचं भाऊबंद तरी सापडेल, असं तिला वाटलं. बुडत्याला काडीचा आधार, तसा तिने वॉर्डाबाहेरच्या जिन्यात उभं राहून तिथल्या चर्चला फोन लावला.

फोन एका म्हाताऱ्या बाईंनी घेतला. त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"थॉर्नबी आडनावाचं इथे कुणीच नाही गं, पोरी," त्या म्हणाल्या. "गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावणार? गाव सोडून जातो, त्यालाच परमुलखात त्या नावाने ओळखतात."

हे आपल्याला सुचायला हवं होतं, असं मुक्ताला वाटलं. बाभुळगावात तरी कुठे कुणी बाभुळगावकर असतो? फोन ठेवून ती वॉर्डाकडे वळली. मग तोंडावर पाणी मारून आत गेली.

डॅनियलने डोळे उघडले. "मिळालं का गं कुणी आपलं?"

"मिळालं ना," त्याचा हात हातात घेत ती म्हणाली. "अख्खं गाव विचारत होतं, तू परत कधी येतोयस म्हणून."