सेखेम्तीचा होकार

"मी ह्यांना आई म्हणणार नाही," सात वर्षांचा राजा म्हणाला आणि हाताची घडी घालून बसला.

मुकुटाची पेटी उघडी होती. तिच्यापुढे म्हातारा हेपू गुडघे टेकून होता. चाळीस वर्षं तो मिसरच्या राजांचा मुकुट सांभाळत आला होता. हट्टी राजे त्यानं पाहिले होते, पण दुधाचे दात पडायला लागलेला हा पहिलाच. ऊन उंबऱ्याला लागायच्या आत मुकुट चढायला हवा होता, आणि राजानं मुकुटाला 'आई' अशी हाक मारून होकार मागितल्याशिवाय मुकुटाला हात लावायची सोय नव्हती. मुहूर्त टळला तर 'देवांनाच हा पोरगा नको' म्हणायला गादीवर डोळा असलेल्या त्याच्या काकाची माणसं बाहेर टपलेलीच होती.

"मुकुट तर एकच आहे. मग तुम्ही 'त्या' का म्हणता?"

"सेखेम्ती म्हणजे दोघी बलवान बाया, महाराज. आपल्या बोलीत एकाला एक शब्द, पुष्कळांना दुसरा, आणि जोडीला शब्दामागं वेगळं शेपूट. डोळे, हात, नदीचे काठ, तशाच ह्या. पांढरी वरच्या देशाची, तांबडी खालच्या देशाची. एकीत एक बसवल्या तरी बोलताना दोघीच."

"भांडत नाहीत?"

"भांडल्या तर तुमचं डोकं दुखेल."

राजा खुदकन हसला. मग पेटीत डोकावला. "हाक मारली की ओ देतात?"

हेपूला खोटं बोलणं जमत नसे. "धूप सरळ वर गेला, की होकार समजायचा."

"म्हणजे देत नाहीत. माझी आई ओ देते. कुठं ठेवलंय तिला तुम्ही?"

वडील गेल्यापासून सत्तर दिवस त्याला आई भेटली नव्हती. मुकुट चढेपर्यंत राजाला आई म्हणजे ह्या दोघीच, असा रिवाज. आजवरचे राजे मिशा फुटलेले, त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. हेपूला आज पहिल्यांदाच त्या रिवाजाची चीड आली.

मागच्या बोरूच्या पडद्याखाली राजाच्या आईची, राणी मेरेरेतची, पावलं त्याला सकाळपासून दिसत होती. तिनं तिथं उभं राहणं गुन्हा होता. त्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

तो कण्हत उठला. पेटी उचलून त्यानं थेट पडद्यासमोर नेऊन ठेवली.

"वय झालं महाराज, तोंड कुठं करायचं तेच विसरलो. आता मारा हाक. सकाळी अंथरुणातून मारायचात ना, तश्शी."

"आई," राजा पुटपुटला.

"एवढ्यानं कोण उठेल?"

"आई!"

"ओ!"

आवाज पडद्यामागून आला आणि मधेच तुटला. पावलं झटकन मागं सरली.

राजानं पेटीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि मुकुटासाठी मान खाली घातली.

दारावरचा पुजारी धावत आत आला. "कोण बोललं?"

"सेखेम्ती," हेपू म्हणाला.

"पण आवाज तर एकीचाच होता!"

हेपूनं दोन्ही हातांनी मुकुट उचलला आणि त्या इवल्याशा डोक्यावर हलकेच टेकवला.

"आज दोघींचं एकमत झालं."