रेणूची पट्टी

सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या पोटावरची हिरवी पट्टी दुपारी केशरी झाली, तसं कुंदा सिस्टरनी त्याचं दूध थांबवलं.

"पोट तर मऊ आहे, मग उपाशी का ठेवता?" बाळाची आई शलाका घाबरून म्हणाली.

"त्याचं आतडं फार कोवळं आहे, आतून सूज येऊ लागलीय. पोट फुगेपर्यंत थांबलो तर आतडं सडू शकतं. पट्टीला आतड्याच्या आवाजावरून ते दोन दिवस आधी कळतं. आता सलाईन, औषधं आणि आतड्याला विश्रांती."

आठव्या दिवशी पट्टी पुन्हा हिरवी झाली. ऑपरेशनची वेळच आली नाही. शलाकाचं चमचाभरही नसलेलं दूध नळीतून बाळाच्या पोटात गेलं आणि पचलं.

"सिस्टर, ही पट्टी एवढं शिकली कुठे?"

"ज्या बाळांचं दुखणं आम्हाला उशिरा कळलं, त्यांच्या पोटाच्या टिपून ठेवलेल्या आवाजांवरून. त्यांत माझी रेणूही होती. नऊ दिवसांची गेली." कुंदा सिस्टरचा आवाज जराही कापला नाही. "या वॉर्डात माझ्या लेकीनं वाचवलेलं हे चाळिसावं बाळ."