सुटायचं कसं

"सुटा! कंबर वळवा, कोपर आत घ्या आणि सुटा!" संबोधी ओरडली.

प्रेमलता गादीवर उताणीच पडून राहिली. छातीवर बसलेल्या कॉलेजच्या पोरीला तिने ढकललंसुद्धा नाही.

"मॅडम, सुटायचं राहू द्या," ती उठत म्हणाली. "धरून कसं ठेवायचं, ते सांगा ना."

पोरी खुसखुसल्या. चाळिशी ओलांडलेली ही बाई इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या विहाराच्या हॉलमध्ये ज्युडो शिकायला आली, याचंच त्यांना नवल होतं.

संबोधीला नव्हतं. महूच्या छावणीत सुभेदार बापाने तिला ज्युडो शिकवला, आणि पुढे नवऱ्याच्या घरातून ती निघाली तेव्हा तेवढंच तिच्याबरोबर आलं. आता क्लास सुटला की ती खोलीवर जायची, एकटीपुरती खिचडी टाकायची आणि माणसाचा आवाज असावा म्हणून रेडिओ लावून ठेवायची.

पोरी लुना काढून भुर्र व्हायच्या. प्रेमलता मात्र गाद्या उचलायला थांबायची. मग दोघी चहा घ्यायच्या. बुधवारी ती खजरान्याच्या गणपतीचा प्रसाद आणायची.

एकदा कप देताना तिची बाही वर सरकली. दंडावर बोटांचे निळे वळ होते.

"हे काय, ताई?"

"दार लागलं."

संबोधीनेही कधीकाळी लोकांना दारच सांगितलं होतं.

हळूहळू थोडं कळलं. नवरा विजय कापडाच्या मिलमध्ये मागांवर होता. मिल बंद पडली. सांवेर रोडच्या एका कारखान्यात गेला, तर वय झालं म्हणून त्यांनी परत पाठवलं. तेव्हापासून घरातच.

"अंगावर येतात?"

प्रेमलताने बाही खाली ओढली. "कधी कधी झटका येतो. तेव्हा फार ताकत येते हो. मी पुरी नाही पडत."

"मग सोडा ते घर. माझ्याकडे या. खोली मोठी आहे, मी एकटीच तर असते." संबोधी सहज बोलल्यासारखं बोलली.

"आणि त्यांच्याजवळ कोण?"

संबोधीला राग आला. त्या रागातच तिने ती पकड शिकवली. समोरच्याच्या छातीवर आडवं पडायचं, एक हात मानेखालून, दुसरा मांडीखालून, सगळा भार खाली. "तो थकेपर्यंत हलू द्यायचं नाही."

"लागत नाही ना त्यात?"

"लागलं तर लागू दे की!"

"नको, मॅडम. लागायला नको."

रोज क्लासनंतर प्रेमलता संबोधीवरच ती पकड घोटायची. केसांना खोबरेल तेलाचा वास. सोडवून घेणं संबोधीला अवघड नव्हतं, तरी ती त्या भाराखाली जरा वेळ पडून राहायची. किती दिवसांत कोणाचं अंग इतकं जवळ आलं नव्हतं.

मग प्रेमलता यायची बंद झाली. आठवडा गेला. संबोधीने खोलीत दुसरी खाट टाकली आणि रविवारी सकाळी ती प्रेमलताच्या घरी, मिलच्या चाळीत पोचली.

दार आतून बंद होतं. आत काहीतरी धाडकन पडलं. पाठोपाठ पुरुषाचा घोगरा आवाज आला, "सोड! सोड मला!"

संबोधीने खांद्याने दाराला धडक दिली. दुसऱ्या धडकेत कडी निघाली.

जमिनीवर वाळलेला, दाढी वाढलेला विजय तडफडत होता आणि त्याच्यावर प्रेमलता आडवी पडली होती. एक हात मानेखाली, दुसरा मांडीखाली. शेजारी स्टूल कलंडलेलं.

संबोधीचा ऊर भरून आला. "शाब्बास, ताई! आता सोडा त्याला, मी बघते. तुम्ही तुमची बॅग भरा."

प्रेमलताने मान वर केली नाही. तिला धाप लागली होती.

"मॅडम, आधी तो आढ्याचा दोर काढा. माझे हात मोकळे नाहीत."