तीन बोटं

"दाखव बरं दात," आशाबाई म्हणाल्या.

"इथं?" खुशीनं विचारलं.

"मंग काय झालं? घरचेच तं आहोत आमी."

अमरावतीत, अंबादेवीच्या रस्त्यावर, फुलांच्या दुकानापुढं गिऱ्हाइकं उभी असताना खुशीच्या होणाऱ्या सासूनं तिची हनुवटी धरली. मांडीवर शेवंतीचा अर्धा ओवलेला हार होता. खुशीनं तोंड उघडलं. मागे चांदूर बाजारात बाबांनी गोऱ्हा घेतला, तेव्हा त्याचाही जबडा असाच उघडून पाहिला होता. गोऱ्ह्यानं निदान मान तरी झटकली होती.

"ही तं जुनीच खोळ दिसून राहिली! दर हप्त्याले बदलवजो म्हनलं होतं ना तुले?"

साखरपुड्याच्या दिवशी आशाबाईंना खुशीचे पुढचे दात खटकले होते, आणि फाल्गुनातल्या लग्नाआधी ते मागे घ्यायचं ठरलं. ठरवलं अर्थातच त्यांनी. डॉक्टरीणबाईंनी दातांवर चढवायच्या पारदर्शक खोळी दिल्या, एकीनंतर दुसरी, दर पंधरा दिवसांनी. खुशीनं सगळं मुकाट केलं. काही खाल्लं की खोळ काढायची, दात घासायचे, खोळ थंड पाण्यानं धुऊन पुन्हा चढवायची. दुकानात बसून हे करायचं म्हणजे दर वेळी ब्रश घेऊन रस्त्यावरच्या नळावर जायचं. येणारेजाणारे टकमक बघत. तिनं चहाच सोडून दिला. एकदा आईनं मायेपोटी खोळ उकळत्या पाण्यातून काढली आणि ती पापडासारखी वाकडी झाली, तेव्हाही खुशी हसली होती. पण पंधरा दिवसांची खोळ आठवड्यात बदलायचा आशाबाईंचा हुकूम अकोल्याहून आला, तोही तिनं मानला, आणि तिथंच घात झाला. हिरड्या फुगल्या. सकाळी चूळ भरली की रक्त.

काल ती दवाखान्यात जाऊन आली होती. डॉक्टरीणबाई चांगल्याच तापल्या होत्या. तिथं भिंतीवर एक चित्र होतं: तीन बोटं जोडून उभी तोंडात घातलेला माणूस. निरोगी तोंडात एवढी जागा असते, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याचं तोंड मिटत जातं, असं खाली लिहिलेलं. खुशीनं बसल्या बसल्या करून पाहिलं. तिची तिन्ही बोटं सहज गेली.

"डॉक्टरीणबाईनं सांगतलं, सध्या जुनीच ठेव," ती आता म्हणाली. "हिरड्या सुजल्या हायेत. खालचा दात हालून राहिला."

"त्यायले काय जाते सांगाले? तारीख तं सरकत नाही ना! आजच नवी चढव. जरासं दुखते, सहन करा लागते बाईमानसाले."

"चढवते जी ते, आजच चढवते," हारांमागून खुशीची आई माणिकबाई घाईनं बोलल्या. बोंडअळीनं कपाशीची पऱ्हाटी खाल्ली त्या सालापासून भातकुलीच्या वावरात फुलांवरच सगळं चाललं होतं. कृषी केंद्रवाल्याचं हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून त्या लेकीच्या वतीनं काहीही कबूल करत होत्या.

खुशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दात तिचे, हिरड्या तिच्या, रक्तही तिचंच. कबुल्या मात्र दुसरेच देत होते.

"शेखर, ये रे!" आशाबाईंनी रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीकडे हाक मारली. "तू बी पाहून घे एकदा."

शेखर उतरला नाही. काच खाली घेऊन त्यानं नुसती मान डोलावली. एक गाल फुगलेला, हातात खर्ऱ्याची पन्नी. खुशीला एकदम साखरपुडा आठवला. तिनं भरवलेला पेढा त्यानं हातात घेऊन चिमटीचिमटीनं खाल्ला होता, आणि बाया म्हणाल्या होत्या, पोरगा लाजरा आहे.

तिनं मांडीवरचा हार आईच्या हातात दिला आणि ती गाडीकडे चालू लागली.

"खुशे! बस खाली!" माणिकबाई ओरडल्या.

"तोंड उघडा," खुशी खिडकीशी उभी राहून म्हणाली.

तो ओठ न उघडता हसला.

"मस्करी नाही करून राहिली मी. माहे दात तुमच्या आईनं भर रस्त्यात पायले. आता तुमचे मी पायते."

हार घ्यायला आलेली माणसं वळून बघू लागली. आशाबाई तरातरा गाडीपाशी आल्या. चारचौघांत नाही कसं म्हणायचं, म्हणून शेखरनं खिडकीतून पिंक टाकली आणि तोंड उघडलं. उघडेल तेवढं.

खुशीनं तीन बोटं जोडून त्याच्या दातांसमोर उभी धरली. मग एक मिटलं. मग दुसरं. उरलेलं एक बोटही आत जाईल असं दिसेना. शेखरच्या डोळ्यांत पाणी आलं, जबडा थरथरला, पण तोंड तिथंच अडलं.

"आत्याबाई," खुशी वळून म्हणाली, "दर हप्त्याले एकेक बोट वाढवा आता यायचं. जरासं दुखन. तारीख तं सरकत नाही."

आशाबाईंनी दुकानाकडे पाहिलं. माणिकबाईंनी अर्धा हार पुढं ओवायला घेतला होता. चढवते जी, असं त्या या वेळी म्हणाल्या नाहीत.